लिलाव बोलणारा

गणपत खवणेकर लहानपणापासून बोलताना अडखळायचा. साधं पाणी मागायचं झालं तरी 'प'वर त्याचं घोडं अडायचं, मान एका बाजूला कलायची, डोळे घट्ट मिटायचे, आणि समोरच्या माणसाला उगाच अपराध्यासारखं वाटायचं. पण तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापणीची, म्हणजे काठावरून ओढलेल्या लांब जाळ्याची, मासळी वाळूत ओतली गेली आणि गणपत लिलाव बोलायला उभा राहिला, की हाच माणूस गाणं म्हटल्यासारखा सुटायचा. "हजार रे हजार, हजाराचे अकराशे, अकराशे झाले, कोण चढता? बाराशे, बाराशे, माडाकडसून बाराशे..." एका दमात, एका सुरात, कुठे खीळ म्हणून नाही.

असं का होतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. धाकट्या भावाने, विनीतने, एकदा त्याला विचारलं होतं. गणपतने बराच वेळ घेऊन उत्तर दिलं, "थ... थंय माका कोण काय विचारणा नाय. थंय मीच वि... विचारतंय."

बापूस, विठोबा, काविळीने गेला तेव्हा गणपत अठरा वर्षांचा होता आणि विनीत दहा. आई त्याआधीच गेलेली. वर्गात उभं राहून धडा वाचायची वेळ येते म्हणून गणपतने सातवीतच शाळा सोडली होती. विनीतला मात्र त्याने शाळेबाहेर राहू दिलं नाही. दुकानात गेल्यावर दादा अडखळला की विनीत पटकन शब्द पुरा करून टाकायचा. "स..." म्हटलं की विनीत म्हणायचा, "साखर, अर्धो किलो." गणपत त्याच्या डोक्यावर टपली मारायचा आणि हसायचा.

विनीत सावंतवाडीला कॉलेजात गेला आणि पहिल्याच वर्षी गॅदरिंगमध्ये स्टेजवर उभा राहिला. सादर काय करायचं? त्याला येत होतं ते एकच. त्याने दादा केला. आधी अडखळणारा, मग लिलावात सुटणारा. हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. पहिल्या रांगेत, केसांना तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः गणपत बसला होता आणि सगळ्यांत जास्त तोच हसत होता. परतीच्या एसटीत तो म्हणाला, "अगदी मी. माझो आवाज तुका ब... बरो गावलो."

हे वाक्य विनीतने पुढे वीस वर्षं परवानगीच्या कागदासारखं जपून ठेवलं.

मुंबईत त्याला कुणी वाईट वागवलं असं नाही. फारसं बघितलंच नाही कुणी. बालनाट्यात तो अस्वल झाला. एका मालिकेत सलग अकरा भाग तो दारात उभा राहणारा हवालदार होता, आणि हवालदाराला वाक्य नव्हतं. लग्न राहून गेलं. सदतिसाव्या वर्षी 'खळखळाट' नावाच्या विनोदी कार्यक्रमाच्या निवडीसाठी तो गेला, तेव्हा 'हे शेवटचं' असं त्याने मनाशी ठरवलं होतं. तयार करून नेलेल्या तीन नकला त्याने केल्या. दिग्दर्शक निकेतसर मोबाइल बघत होते.

"गाव कुठलं तुमचं?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"तारकर्ली. मालवण."

"मग मालवणी काही नाही का?"

विनीतने मान कलती केली, डोळे मिटले, आणि दादा केला. निकेतसरांनी मोबाइल खाली ठेवला.

पात्राचं नाव ठरलं बाबलोदादा. एवढंच बदललं. कपड्यांची चर्चा निघाली तेव्हा विनीतने घरी फोन करून वहिनीकडे दादाचा जुना निळा अर्ध्या बाह्यांचा शर्ट मागितला. जानकीवहिनीने तो धुऊन, इस्त्री करून पाठवला आणि सोबत आमसुलांची पिशवीही बांधून दिली.

पहिलं वर्ष सगळ्यांचंच आनंदात गेलं. कार्यक्रम लागायचा त्या दिवशी गणपतच्या ओटीवर अर्धी वाडी जमायची. बाबलोदादा सुटला की सगळे आधी टीव्हीकडे आणि मग गणपतकडे बघून हसायचे, आणि गणपतही मांडीवर थाप मारून हसायचा. परीक्षकाच्या खुर्चीवरची मंडळी हसून हसून लोळण घेत. विनीतला पेट्रोल पंपावर, दवाखान्यात, बँकेत लोक हाक मारू लागले. त्याचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं आणि त्याची त्याला खंतही नव्हती. वीस वर्षं ज्या घराने वाट बघितली त्या घराला आपण नाव मिळवून दिलं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या वर्षी वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "भावजी, ता जरा कमी करूक जमात काय? तारकर्लेक पर्यटक येतत, ते लिलावाकडे येऊन उभे ऱ्हवतत. ह्येंच्याकडे बोट दाखवून हसतत."

"वयनी, तो दादा नाय गो. ता एक कॅरेक्टर आसा," विनीत म्हणाला. त्याला स्वतःलाच आपला आवाज जरा चढलेला वाटला.

"होय," वहिनी म्हणाली. "आमका कळता. लोकांका कळणा नाय."

सहा महिन्यांनी तिचा पुन्हा फोन आला. या वेळी ती जास्त काही बोलली नाही, "ता सांगलेला तुमका आठवता मां?" एवढंच विचारलं. विनीत दुसऱ्या दिवशी निकेतसरांकडे गेलाही. केबिनच्या दारात उभा राहून म्हणाला, "सर, बाबलोला थोडे दिवस विश्रांती देऊ या का?" निकेतसर हसले. "विश्रांती? अरे, तू विश्रांती घेतलीस तर आपण सगळे घरी बसू." विनीतही हसला आणि चहा पिऊन बाहेर आला. तिथून पुढे घरचा फोन वाजला की तो शूटिंगमध्ये असायचा.

चौथ्या वर्षी लेखकांना नवीन काही सुचेना, म्हणून त्यांनी बाबलोला मुलगी दिली. तीही अडखळणारी. तिला बघायला पाहुणे येतात, तिच्याने आपलं नाव सांगवत नाही, असा प्रवेश होता. विनीतने संहिता वाचली. घरी गणपतची मुलगी गौरजा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती अजिबात अडखळत नव्हती. उलट शाळेत कविता म्हणण्यात पहिली यायची. 'म्हणजे ही ती नव्हेच,' असं विनीतने स्वतःला समजावलं आणि प्रवेश केला. तो भाग सगळ्यांत जास्त बघितला गेला.

सहाव्या वर्षी कार्यक्रम बंद झाला. कुणी भांडलं नाही, कुणी काढलं नाही. लोक कंटाळले, एवढंच. विनीतला वाटलं, आता दुसरं काही करू. एका मालिकेत त्याला मुलीच्या बापाचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी प्रेताशेजारी बसून रडायचा प्रसंग होता. विनीतने हुंदका दिला आणि लाइट धरणारा माणूस फिस्सकन हसला. मग मेकअपवाली हसली. त्या संध्याकाळी दिग्दर्शक त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमची चूक नाही हो. पण तुमचा चेहरा दिसला की लोक हसायच्या तयारीने बसतात. इथे मुलीचं प्रेत आहे सर."

असं तीन ठिकाणी झालं. दीड वर्ष तो घरी बसून होता. मग एप्रिलमध्ये एके दिवशी त्याने बॅग भरली आणि रात्रीची बस पकडून पहाटे कसालला उतरला. गावी येऊन त्याला तीन वर्षं झाली होती.

रिक्षा घरासमोर थांबली तेव्हा वहिनी अंगण झाडत होती. तिने केरसुणी ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "इलास? बरा केलास." रागाचा लवलेश नाही. तीच वहिनी, फक्त बरीच वाळलेली.

"दादा खंय? किनाऱ्यार गेलो?"

"मागीलदारी आसत," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

गणपत माडाच्या बुंध्याला पाठ लावून फाटलेलं जाळं विणत बसला होता. विनीत वाकून पाया पडला. गणपतने त्याच्याकडे बघितलं, मान हलवली, शेजारी बसायची खूण केली आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं. विनीतने प्रवासाचं सांगितलं, मुंबईच्या उकाड्याचं सांगितलं, तब्येतीचं विचारलं. गणपत प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अढी नव्हती. काहीच नव्हतं.

'रागावलाय,' विनीतच्या मनात आलं. 'रागावू दे. त्याचा हक्क आहे.' पण दुपारी जेवतानाही गणपतने वहिनीकडे भात हाताने खुणावून मागितला, आणि गौरजाने काही विचारलं तेव्हाही नुसती मान हलवली, तेव्हा विनीतचा घास हातातच राहिला.

संध्याकाळी गौरजा विहिरीवर पाणी काढत होती तिथे तो गेला. गौरजा आता तेवीस वर्षांची होती, बी.एड. होऊन मालवणात तात्पुरती शिकवत होती.

"दादा माझ्याशी बोलणा नाय," तो म्हणाला.

"ते कोणाशीच बोलनत नाय, काका. दोन वर्षां झाली." तिने कळशी कठड्यावर ठेवली. "सावंतवाडेक डॉक्टरांकडे नेलंव. गळो बरो आसा म्हणान सांगल्यानी."

"दोन वर्षां? माका कोणी सांगूक नाय."

"तुमी फोन खंय उचलत होतास?"

मग तिने सांगितलं. तिला कुणी विचारेल याची ती वाटच बघत असावी, इतकं तिने सलग सांगितलं. लिलावाच्या वेळी बायाबापड्या, पोरं, पर्यटक मोबाइल धरून आधीच उभे असायचे. गणपतने तोंड उघडलं की 'आला, आला' म्हणत हसायचे. हजार म्हटल्यावर पुढचं वाक्य टीव्हीतलं म्हणून लोकच ओरडायचे. तरी तो तीनेक वर्षं बोलत राहिला. मग एक दिवस लिलावाच्या मध्यावर, बाराशेवर, तो अडला. आयुष्यात पहिल्यांदा लिलावात अडला. मान कलली, डोळे मिटले. आणि आजवर झाला नव्हता एवढा हशा झाला, कारण आता सगळं तंतोतंत टीव्हीसारखं झालं होतं. त्यानंतर तो रोज अडू लागला. मग किनाऱ्यावर जाईनासा झाला. मग घरात बोलेनासा.

"आणि तुझ्या लग्नाचा चाललेला मां?" विनीतने कसंबसं विचारलं. वहिनीने मागे कधीतरी कुडाळच्या स्थळाचं सांगितलेलं त्याला आठवलं.

"ते लोक इलेले. नवऱ्या झिलाच्या आयेन माझ्या हातात पेपर दिल्यान. म्हणाली, जरा मोठ्यान वाचून दाखव गो, घराण्यात आसता म्हणतत." गौरजा जराशी हसली. "मी अख्खी बातमी वाचलंय. एक चूक करूक नाय. मगे पेपर घडी करून दिलंय आणि सांगलंय, माका हयसर लगीन करूचा नाय. बाबा खुर्चीत बसलेले होते. त्या दिसापासून ते माझ्याशीय बोलाचे थांबले."

तिने कळशी उचलली आणि आत गेली. विनीत विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला. आपण आलो ते काम नाही म्हणून, मन रमेना म्हणून. आणि इथे हे असं. त्याला स्वतःची किळस आली, पण किळस येऊन भागणार नव्हतं. काहीतरी करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तो भिकाजी सारंगाकडे गेला. रापणीचा सगळा कारभार भिकाजीच्या हातात होता.

"आमी त्येका काढूक नाय रे," भिकाजी म्हणाला. "तो आपणच बसलो. आता मोबाइलवर आकडो घालतत आणि पाटी उचलतत. मजा नाय त्येत. तो येतलो तर उद्या येऊ दे. त्येची जागा त्येचीच आसा."

त्यानंतर आठ दिवस विनीत सकाळ-संध्याकाळ दादाशेजारी बसून जाळं विणत राहिला. त्याचे हात ते काम विसरले होते. त्याने घातलेल्या चुकीच्या गाठी गणपत एकही शब्द न बोलता सोडवायचा आणि पुन्हा घालायचा. नवव्या दिवशी विनीतने सुई खाली ठेवली.

"दादा, माका माफ कर. माका ठाऊक नव्हता असा नाय. वयनीन पयलो फोन केल्यान तेव्हापासून माका सगळा ठाऊक होता. माका सोडवला नाय. लोक टाळ्यो वाजवीत होते आणि माका ता सोडवला नाय."

गणपतचे हात थांबले. मग त्याने पडलेली सुई उचलली, तिच्यात दोरा भरला आणि विनीतच्या हातात दिली. ही माफी होती की 'काम कर' एवढंच, हे विनीतला कळलं नाही. त्याने ते माफी म्हणून घेतलं.

"एक डाव किनाऱ्यार चल," तो म्हणाला. "भिकाजी वाट बघता. मंगळवारी जावया. पर्यटक नसतले, आपलीच माणसां आसतली. तू एक डाव बोललंस की सुटतलंस, दादा. माका ठाऊक आसा."

मंगळवारी दुपारी चार वाजता गणपत तसलाच दुसरा निळा शर्ट घालून ओटीवर येऊन उभा राहिला. वहिनीच्या हातातलं सूप तिथेच राहिलं. तिचे डोळे भरून आले. गौरजा मात्र विनीतला मागीलदारी घेऊन गेली.

"काका, नको. ते तुमच्यासाठी चललेत. तुमी मागलास म्हणान. स्वतःसाठी नाय चललेत."

"गौरजा, येकदा बघूक काय हरकत आसा?"

"तुमी मागलास आणि बाबांनी दिला नाय, असा कधी झाला?" ती म्हणाली. पण तोवर गणपत वाटेला लागला होता.

विनीतने टोपी घातली होती आणि काळा चष्मा लावला होता. किनाऱ्यावर रापण ओढून झाली होती. बांगड्यांचा ढीग वाळूत चमकत होता, बाजूला सुरमईच्या तीन पाट्या. भिकाजी, रापणीची माणसं, टोपल्या घेऊन बसलेल्या मासेविक्या बाया, बर्फाच्या टेम्पोवाले दोन व्यापारी. गणपतला येताना बघून सगळे गप्प झाले. म्हातारी सावित्री, जिने तीस वर्षं त्याच्या लिलावात बोली लावली होती, ती उठून उभी राहिली. "बोल रे गणपता," ती मायेने म्हणाली. "खूब दिस झाले."

गणपत पाट्यांसमोर उभा राहिला. त्याने छाती भरून श्वास घेतला. विनीतला वाटलं, सुटला. आता सुटला.

"ह..." गणपत म्हणाला.

मागे कुणीतरी बाई म्हणाली, "अहो, तो बघा बाबलोदादा! टोपीवाला! चालण्यावरून ओळखलं मी." एप्रिलच्या सुट्ट्या होत्या, पर्यटकांना मंगळवार आणि रविवार सारखाच. आठ-दहा जण वाळूतून धावत आले. मोबाइल वर झाले.

"शूटिंग चाललंय वाटतं."

"मग हा पुढे उभा कोण?"

"बाबलोदादाची नक्कल करतोय बहुतेक. नवीन दिसतोय."

भिकाजी त्यांच्यावर ओरडला, "शूटिंग नाय हां! जावा बघूया हयसून!" पण त्याचा तो सूरही त्यांना नाटकातलाच वाटला असावा, कारण ते हसले. गणपतची मान कलली होती. डोळे मिटलेले. "ह... ह..." एवढाच आवाज त्याच्या घशातून येत होता, आणि तोही बारीक होत चालला होता. एक गृहस्थ मोबाइलमधून बघत बायकोला शांतपणे म्हणाले, "ओरिजिनलसारखं नाही जमत हो यांना."

सावित्रीने पदर तोंडाला लावला आणि पाठ फिरवली. रापणीची माणसं वाळूकडे बघत होती. व्यापारी चुळबुळ करत होते. ऊन मासळीवर येत होतं. आणि गणपत तसाच उभा होता, हात शरीराला चिकटवून, शाळेत धडा वाचायला उभ्या केलेल्या मुलासारखा.

विनीतला ते बघवेना. नंतर त्याने स्वतःला शंभर वेळा विचारलं, की मी तेव्हा नक्की काय करायला गेलो. त्याला एवढंच आठवत होतं, की दादा अडलाय आणि शब्द आपण पुरा करायचा आहे. साखर, अर्धो किलो. एवढंच. पहिला शब्द ढकलून द्यायचा, पुढचं दादा बघेल.

"हजार रे हजार," तो म्हणाला.

पण तोंडातून आला तो गणपतचा आवाज. त्याची पट्टी, त्याचा दम, हजारच्या 'जा'वर तो घ्यायचा ती लहानशी हेलकाव्याची तान. आणि तो आवाज एकदा सुरू झाला की मध्ये थांबवता येत नाही. त्याची रचनाच तशी. "हजाराचे अकराशे, अकराशे झाले, कोण चढता?" टेम्पोवाल्याने सवयीने बोट वर केलं. "बाराशे, बाराशे, टेम्पोकडसून बाराशे..." दुसऱ्या व्यापाऱ्याने चढवलं. पर्यटक आनंदाने ओरडले. सुरमईच्या तिन्ही पाट्या गेल्या, मग बांगडे गेले. कितीतरी दिवसांत चढली नव्हती एवढी बोली चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विनीतच्या तोंडाला फेस आला होता.

त्याने वळून बघितलं. गणपतचे डोळे उघडे होते. तो विनीतकडेच बघत होता, लक्ष देऊन, परक्या गावच्या नामांकित माणसाचा लिलाव ऐकावा तसा. त्याने एकदा सावकाश मान डोलावली. बरं बोललास, अशी. मग वळला आणि पाण्याच्या कडेकडेने घराकडे चालू लागला. विनीतला त्याच्यामागे धावायचं होतं, पण एका जोडप्याला त्याच्यासोबत फोटो हवा होता आणि बाईंनी त्याचा दंड धरून ठेवला होता.

तिन्हीसांजेला भिकाजी घरी आला. बिचारा साधा माणूस. ओटीवर बसून चहा पीत तो विनीतला म्हणाला, "माझ्या मनात काय नाय हां, पण इचारून बघतंय. तू हयसरच ऱ्हवलंस तर? रोज बोल लिलाव. माणसां जमतली, मासळेक दर गावतलो. तुकाय काम व्हया मां?" आतल्या खोलीत गणपत खाटेवर बसला होता. मधे नुसता पडदा. विनीत त्या पडद्याकडे बघत राहिला. भिकाजीने कप ठेवला, अवघडून इकडे तिकडे बघितलं आणि निघून गेला.

गौरजा दारात येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"काका, उद्या जावा तुमी," ती म्हणाली. "मी रागान सांगनंय नाय. बाबांचो आवाज कसो होतो, ता मी विसरत चललंय. आठवूचो म्हटलंय तर तुमचोच आठवता. आज तर ते स्वतः उभे होते आणि आवाज तुमच्याकडसून इलो. माका आता ऐकवना नाय."

सकाळी वहिनीने नेहमीसारखी सुक्या बांगड्यांची पुडी बॅगेत घातली. विनीत पाया पडायला आत गेला तेव्हा गणपत भिंतीकडे तोंड करून निजला होता. झोपला होता की नाही, ते कळलं नाही. त्याने पायांना हात लावला. पाय हलले नाहीत.

मुंबईत पोचल्यावर विनीतने चॅनेलला पत्र लिहिलं, की बाबलोदादाचे सगळे व्हिडिओ इंटरनेटवरून काढून टाका. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दोनच ओळींचं होतं: ते कार्यक्रम कंपनीच्या मालकीचे आहेत, आणि प्रेक्षकांचं त्यांच्यावर आजही प्रेम आहे. किनाऱ्यावर त्या पर्यटकांनी घेतलेला व्हिडिओही फिरत होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'बाजूला उभा असलेला नकल्या बघा, बिचारा घाबरला.'

जूनमध्ये गौरजाला सावंतवाडीच्या एका शाळेत कायमची नोकरी लागली. तिने आईबापाला तिकडेच नेलं, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात. तारकर्लीच्या घराला कुलूप लागलं. सावंतवाडीच्या घरातून समुद्र दिसत नाही, ऐकू येत नाही, हेच बरं, असं वहिनी फोनवर म्हणाली. गणपत आता जाळंही विणत नव्हता. सकाळी उठायचा, खिडकीशी बसायचा, दिलं ते खायचा.

चतुर्थी जवळ आली तेव्हा विनीतने फोन केला. चतुर्थी त्याने कधी चुकवली नव्हती, अगदी बाबलोच्या भरात असतानासुद्धा एक दिवस तरी येऊन जायचा. फक्त शेवटची तीन वर्षं सोडून.

"येऊ काय गो वयनी?"

वहिनी म्हणाली, "ह्या वर्साक नको, भावजी. पुढल्या वर्साक बघूया."

"बरा. दादाक जरा फोन देशीत? नाय बोललो तरी चलात. माकाच बोलाचा आसा."

"कानाक लावतंय," वहिनी म्हणाली.

विनीत बोलू लागला. गणपती कोण बसवणार, ते त्याने विचारलं. गौरजाची शाळा घरापासून जवळ आहे ना, ते विचारलं. आपण नाटकातबिटकात काम करणं सोडून दिलंय, एका शाळेत मुलांना उच्चार शिकवायला जाणार आहे, अजून नक्की नाही, असं सांगितलं. बोलता बोलता तो लहानपणाकडे वळला. बापूस गेला त्या रात्री दादाने आपल्याला मांडीवर घेऊन रात्रभर काहीच न बोलता कसं थोपटलं होतं, ते सांगितलं. पलीकडून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, कुणाचातरी श्वास ऐकू येत होता. त्या श्वासाच्या आधाराने तो दहा-बारा मिनिटं बोलत राहिला.

"दादा," शेवटी तो म्हणाला, "आयकतंस मां?"

"ते मघाशीच उठान आत गेले, भावजी," वहिनीचा आवाज आला. "तुमी बोलत होतास म्हणान मीच धरून होतंय."